नऊ किलोचं स्टिअरिंग

सासूच्या हातांतला जोर गेला असं एकदा चारचौघांत ठरलं असतं, तर जावयाच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली गाडी. बावीस वर्षांची, रंग उडालेली, पण किल्ली फिरवली की पहिल्या हाकेला ओ देणारी. तिच्यासाठी त्याने ऑफिसात एक गिऱ्हाईकही हेरून ठेवलं होतं. दुसरी, गाडीबरोबर मोकळी होणारी छपराखालची जागा. जावई त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा, पण त्याची स्वतःची गाडी तीन गल्ल्या पलीकडे एका झाडाखाली उभी असायची, आणि त्या झाडावरच्या पाखरांना तिचा फार लळा होता. तिसरी गोष्ट वजनाला सगळ्यांत हलकी आणि त्याला सगळ्यांत प्रिय: ‘मी आधीपासून सांगत होतो’ असं म्हणायचा हक्क. या सगळ्याच्या बदल्यात त्याने मोजायची होती फक्त काळजी, आणि काळजी त्याच्याकडे पोत्याने होती.

सासू म्हणजे नर्सबाई. वय एकसष्ट. दवाखान्याने वाटून दिलेल्या अकरा घरी जायचं, कुणाची जखम धुवायची, कुणाला इन्सुलिन टोचायचं, कुणाला अंथरुणात कुशीवर वळवायचं. पहिलं इंजेक्शन साडेसहाला, पेशंटच्या न्याहारीआधी, त्यामुळे गाडी सहाच्या ठोक्याला बाहेर पडायची. दवाखान्याची अट एकच होती, स्वतःचं वाहन हवं. गाडी गेली की अकरा घरं गेली, आणि अकरा घरं गेली की नर्सबाई लेकीच्या हातावरच्या पैशांवर. नवरा गेला तेव्हासुद्धा तिने कुणापुढे हात पसरला नव्हता. आता पसरायची तिची मुळीच तयारी नव्हती.

चार महिन्यांपूर्वी तिने पहिल्यांदा सांगितलं की सकाळी स्टिअरिंग जड लागतं. वळवलं की पुढून कण्हल्यासारखा आवाज येतो, दहा-पंधरा मिनिटं तसंच चालतं आणि मग आपोआप सुटतं. घरातल्या पुरुषांनी हे फार मनावर घेतलं. घरातले पुरुष म्हणजे जावई आणि धाकटे दीर, ज्यांना ती भाऊजी म्हणायची. भाऊजी शिक्षणखात्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते, आणि तपासणीची खोड मात्र निवृत्त झालेली नव्हती. दोघांनी गाडी तपासली. कधी? संध्याकाळी, नर्सबाई अकरा घरं फिरून आली, गाडी गॅसवरच्या पातेल्यासारखी तापली, त्यानंतर चहा झाल्यावर. जावयाने एका बोटाने स्टिअरिंग फिरवून दाखवलं. एका बोटाने, आणि तेही करंगळीच्या शेजारच्या. भाऊजींनी इमारतीभोवती दोन चकरा मारल्या आणि शेरा दिला की लोणी आहे लोणी. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात गाडी सुटली आणि बाई अडकली.

त्यानंतर तिच्या हातांची परीक्षा सुरू झाली. पिशवी उचलताना ती थांबली की कुणीतरी ‘असू दे असू दे’ म्हणत पुढे यायचं. एकदा जेवणाच्या टेबलावर जावयाने कॉफीची बरणी तिच्यापुढे सरकवली, आई, एवढं झाकण उघडता का. झाकण आट्यांत तिरकं बसलेलं होतं. ते तिने फिरवलं, हललं नाही. जावयाने बरणी परत घेतली, काही बोलला नाही आणि सगळ्यांना समजेल अशा रीतीने काही बोलला नाही. ती बरणी पुढे दोन दिवस कुणालाच उघडली नाही. शेवटी भाऊजींनी झाकणाला भोक पाडलं. पण तोवर निकाल लागून गेला होता, आणि लागलेला निकाल बरणीकडे बघून फिरवायला कुणाला वेळ नव्हता. जी बाई रोज सकाळी नव्वद किलोच्या माणसाला एकटी कुशीवर वळवते, तिचा जोर कॉफीच्या झाकणावर मोजला गेला. यावर हसायचं की भांडं आपटायचं, हे तिला कळेना. तिने भांडी घासली.

मग फाटकाचा खांब झाला. चढावरच्या एका अरुंद बोळात, सहा वाजून दहा मिनिटांनी, वळताना स्टिअरिंग मधेच दगडासारखं झालं आणि गाडीचा कोपरा पेशंटच्या फाटकाला लागला. खांब कलला. पेशंटच्या सुनेने दवाखान्यात फोन केला, आणि दवाखान्याने त्या बोळातली दोन घरं दुसऱ्या नर्सकडे दिली. तात्पुरती, असं म्हणाले.

त्याच रविवारी वरच्या मजल्यावर बैठक बसली. जावयाने कागद आणला होता, त्यावर मुद्दे लिहिले होते, आणि शेवटचा मुद्दा ‘आईंची विश्रांती’ असा होता. गाडी पुढच्या रविवारी त्याच्या नावावर करायची, मग तो बघेल काय करायचं ते. भाऊजींनी मान डोलावली. लेक आईकडे न बघता पेल्यांत पाणी ओतत राहिली, पेले भरलेले असताना. नर्सबाईंनी एवढंच विचारलं की आठवडाभर तरी गाडी माझी आहे ना. आहे म्हणाले. उपकार केल्यासारखं.

सोमवारी ती मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री तिच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा, हातावर कायमची काळी नक्षी असलेला, बोलण्यात कंजूस. त्याने बॉनेट उघडून स्टिअरिंगच्या पंपाचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. चार महिन्यांपूर्वी त्यानेच बदललेला, ताण ठीक होता. टायरची हवा पाहिली, ठीक. स्टिअरिंगच्या तेलाची डबी उघडली, पातळी बरोबर खुणेवर. स्टिअरिंग फिरवलं, मऊ. तो म्हणाला, ताई, काही नाही. आणि हात पुसता पुसता त्याने हेही सांगून टाकलं की जावईसाहेबांचा फोन आला होता, ते म्हणत होते की आता वयच झालं. गाडीचं की माझं, असं तिने विचारलं. मिस्त्रीने फडकं दुसऱ्या खिशात घातलं.

गाडी तिची, किल्ली तिची, बिलं बावीस वर्षं तिच्या घरातून भरलेली, आणि निदान मात्र फोनवरून जावयाचं. घरी येताना ती इतकी संतापली होती की तिला दोन सिग्नल दिसलेच नाहीत. नशीब, दोन्ही हिरवे होते.

गाठ सुटली मंगळवारी, एका निवृत्त कंडक्टरच्या स्वयंपाकघरात. त्याची उपाशीपोटीची साखर तपासायची होती आणि तो महाराज दोन टोस्ट खाऊन, ओठांना लागलेला जॅम पुसत बसला होता. तिने त्याला झाडायला सुरुवात केली. खाऊन बसल्यावर काय तपासायचं, म्हणाली, उपाशीपोटीचा आजार भरल्या पोटी दिसतो का कधी. आणि तिथेच थांबली. कंडक्टरला वाटलं बाई रागाने गप्प झाल्या. त्याने पुढे आठवडाभर टोस्टला हात लावला नाही.

आजवर ज्याने ज्याने ती गाडी तपासली होती, त्याने त्याने ती भरल्या पोटी तपासली होती. मिस्त्रीकडे जायचं तरी गाडी चालवतच जायचं. पोहोचेपर्यंत ती गरम.

बुधवारी संध्याकाळी तिने गाडी मिस्त्रीच्या दारात लावली, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि सांगितलं की उद्या पाचला मी येते, तोवर बॉनेटला हात लावायचा नाही. गुरुवारी आली ती खांद्यावर एक पिशवी घेऊन. पिशवीतून तिने स्प्रिंगचा काटा काढला, तान्ह्या बाळांना झोळीत घालून वजन करायचा, पंचवीस किलोपर्यंतचा. मिस्त्रीने विचारलं नाही, पण त्याच्या भुवया विचारत्या झाल्या.

तिने गाडी सुरू केली, चाकं सरळ ठेवली, काट्याचा आकडा स्टिअरिंगच्या कडेला अडकवला आणि काटा धरून ओढलं. स्टिअरिंग हलायला लागलं तेव्हा पुढून ते कण्हणं ऐकू आलं, आणि काट्याची सुई नवावर थरथरत होती. मिस्त्री वाकून बघत राहिला. मग त्याने काटा स्वतःच्या हातात घेतला, स्वतः ओढलं. नऊ. दुसऱ्या बाजूला ओढलं. नऊला थोडं कमी.

नऊ किलो म्हणजे काय, हे त्या दोघांत तिलाच ठाऊक होतं. वर्षाचं, अंगाने भरलेलं पोर. पहिल्या पेशंटच्या घरापर्यंत बावीस वळणं होती. म्हणजे चार महिने ती दर सकाळी बावीस वेळा वर्षाचं पोर हातांनी उचलत होती, आणि संध्याकाळी तिला विचारलं जात होतं की झाकण उघडतं का.

इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं, स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवत राहिले. पुन्हा काटा लावला. तीनच्याही खाली. मिस्त्री फार बोलका नव्हता, पण आकड्याशी वैर धरणाराही नव्हता. तो म्हणाला, “ताई, माझं चुकलं. बॉनेट उघडू का?”

डबीतलं तेल तिनेच काढलं, आजाऱ्यांना नळीतून पातळ जेवण द्यायच्या मोठ्या सिरिंजने. नमुना घ्यायला त्या गल्लीत तिच्याइतका सराईत हात कुणाचा नव्हता. जखमेवर लावायच्या पांढऱ्या गॉजवर तिने एक थेंब सोडला आणि मिस्त्रीने शेजारी आपल्या बाटलीतलं नवं तेल सोडलं. नवं लालसर, पडताक्षणी कापडात पसरून मोठं कडं झालं. तिचं काळपट, गुळाच्या पाकासारखं जागच्या जागी बसून राहिलं. मिस्त्रीने ते दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि थुंकावंसं वाटत असताना थुंकला नाही, बाई समोर होत्या म्हणून. त्याने सांगितलं ते असं: या यंत्राला पातळ तेल लागतं. यात कुणीतरी इंजिनचं तेल ओतलंय आणि शिवाय गिअरचं, ते तर मधासारखं. गार असताना असलं घट्ट तेल पंपाला ओढवत नाही, घशात घास अडकल्यासारखा तो कण्हतो आणि मदत करायचं सोडून देतो. गरम झालं की तेल पातळ होतं, मग सगळं लोणी.

मग त्याने हात खाली घातला, डबीतून पंपाकडे जाणारा रबरी पाइप चाचपला आणि बोटं ओली करून बाहेर काढली. पाइपाचं तोंड चिरलेलं, क्लिप सैल.

“पट्टा बदलला तेव्हा पातळी खुणेवर होती,” मिस्त्री म्हणाला. “आजही खुणेवर आहे. आणि खालून गळतंय. मग वरून घालतंय कोण?”

तिला माहीत नव्हतं. मिस्त्रीने दुसरा प्रश्न विचारला, जो तिला नको होता: एवढं गळत होतं तर जमिनीवर डाग पडत असतील, ते दिसले नाहीत का. दिसले होते. रोज सकाळी दिसत होते. इमारतीचा सेक्रेटरी तेलाच्या डागावरून दंड करतो, म्हणून तिने खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सरकवून ठेवला होता आणि दर आठवड्याला तो गुपचूप बदलत होती. तेल गळतंय म्हटलं तर गाडी भंगारात काढा म्हणतील, या भीतीने ती कुणाला बोलली नव्हती. आयुष्यभर लोकांना रक्त दिसलं की लगेच सांगा म्हणत आलेली बाई, आणि स्वतःच्या घरचं रक्त तिने पुठ्ठ्याने टिपून फेकलं होतं. हे तिने मिस्त्रीला सांगितलं, मान वर ठेवून, पण आवाज जरा खाली.

मिस्त्री पाइप बदलायला निघाला तर तिने त्याला थांबवलं. रविवारपर्यंत काही करायचं नाही. तो म्हणाला, अजून तीन दिवस हे ओढणार तुम्ही? पंपही जाईल अशाने. ती म्हणाली, चार महिने ओढलं, तीन दिवसांनी पंप मरत नाही. हा शहाणपणा नव्हता, राग होता. शुक्रवारी सकाळी एका वळणावर उजव्या खांद्यात काहीतरी सुतासारखं तुटल्यासारखं झालं. ती तशीच पुढच्या घरी गेली.

रविवारी सकाळी सहाला तिने सगळ्यांना खाली बोलावलं. जावई झोपेचे कपडे आणि केस तसेच ठेवून आला, हातात कागद नव्हता, पण चेहऱ्यावर मुद्दे होते. भाऊजी दोन गल्ल्या चालून, दाढी करून आले होते. लेक शाल पांघरून जिन्याच्या पायरीवर बसली.

नर्सबाईंनी जावयाला चालकाच्या जागेवर बसवलं. करंगळीच्या शेजारचं बोट वापरा, म्हणाली. त्याने बोट वापरलं. मग पंजा वापरला. मग दोन्ही हात. गाडी कण्हली. जावई म्हणाला की गाडी गार आहे म्हणून, थोडी तापू द्या आई, मग बघा.

“जावईबापू, मी रोज गारच गाडी काढते,” ती म्हणाली. “तापवून द्यायला माझ्याआधी कुणी उठत नाही.”

काटा लावला. नऊ. भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला, पुन्हा खाली करून वाचला, आणि तपासनिसाला शोभेल असं मान्य केलं की नऊ. मग तिने पिशवीतून पांढरं गॉज काढलं, दोन डागांचं, आणि कुठला डाग कशाचा ते सांगितलं. यात दोन परकी तेलं आहेत, म्हणाली. कुणाची?

भाऊजी लगेच पुढे झाले, खरं तर थोड्या अभिमानानेच. गिअरचं त्यांचं. दादाच्या वेळचा डबा होता, फुकट जाऊ नये. तेल जेवढं घट्ट तेवढं दमदार, असा त्यांचा हिशोब, आणि वहिनींना सांगितलं असतं तर वहिनींना वाटलं असतं की त्या गाडी नीट ठेवत नाहीत असं आपण म्हणतोय. म्हणून महिन्यातून एकदा, येता जाता, गुपचूप. हे सांगता सांगताच त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलंय. शेवटची दोन वाक्यं त्यांनी जमिनीकडे बघून पुरी केली.

जावई काही बोलला नाही. यावेळी कुणाला समजेल अशा रीतीनेही नाही.

“आई,” लेक पायरीवरून म्हणाली, “हे दर रविवारी आमच्या गाडीच्या इंजिनचं उरलेलं तेल घेऊन खाली येतात.” आणि नवऱ्याकडे न बघता शाल गुडघ्यांभोवती घट्ट ओढली.

मग जावयाला बोलावंच लागलं. तेल कमी दिसायचं, म्हणून घालत होतो, म्हणाला, चांगल्यासाठीच. गाडी नीट राहावी. यात वाईट काय आहे?

नर्सबाईंनी काट्याचा आकडा स्टिअरिंगवरून सोडवला. तिचा आवाज चढला नाही. इंजेक्शन देताना असतो तसाच होता.

“तेल कमी होतंय हे तुम्हाला दर रविवारी दिसत होतं. म्हणजे खोट गाडीत आहे, हे या घरात फक्त तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही माझ्यापुढे बरणी सरकवलीत.”

जावयाने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी गॉजकडे बघत होते. गाडीच्या कागदांचा विषय त्या सकाळी कुणी काढला नाही, आणि त्यानंतरही नाही.

सोमवारी मिस्त्रीने गाडीची पुढची चाकं जॅकवर उचलली, जुनं तेल सगळं काढलं, डबीतली जाळी धुतली, नवा पाइप आणि नवी क्लिप घातली. मग इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवलं, आतली हवा बुडबुड्यांनी डबीत वर येईपर्यंत. पुन्हा तेल काढलं, पुन्हा भरलं. फिरवायचं काम नर्सबाई करणार होती, पण उजवा हात वर जाईना, म्हणून मिस्त्रीनेच केलं. मंगळवारी सकाळी, गार गाडीवर, काटा पावणेतीनवर थांबला.

आता कुणी काय भरलं ते. पाइप, क्लिप, दोनदा तेल आणि मजुरी: नर्सबाई. मिस्त्रीने या सोमवारची मजुरी धरली; आधीच्या सोमवारची, जेव्हा त्याने ‘काही नाही’ म्हटलं होतं, ती धरली नाही. फाटकाचा खांब: नर्सबाई. बोळातली दोन घरं परत आली नाहीत. तात्पुरती हा शब्द दवाखान्याने पुन्हा उच्चारला नाही, तेव्हा तेही नर्सबाई. उजवा खांदा: डॉक्टर म्हणतात सहा आठवडे विश्रांती, तिने चार दिवस घेतली; वेणी आता लेक घालते. भाऊजींनी डबा भंगारवाल्याला दिला, त्याचे पैसेही घेतले नाहीत, आणि दर रविवारी येऊन पातळी नुसती डोळ्यांनी बघून जातात, हात पाठीमागे बांधून. लेकीने भरलं ते एका जिन्यावर, एक मजला खाली आईची वेणी आणि एक मजला वर नवऱ्याशी अबोला. जावई ऑफिसात लोकांना सांगतो की जुन्या गाडीचं स्टिअरिंग तपासायचं तर गार असताना तपासावं, बहुतेकांना हे माहीत नसतं. त्याच्या नावापुढे: निरंक.